पाट्याकडून वेटोळ्याकडे : मोटारीच्या पुढील स्प्रिंगचा आणि ती बसविण्याच्या कौशल्याचा इतिहास

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. यंत्र कोणी शोधले, कोणत्या साली बाजारात आले, कोणत्या कंपनीने त्याचे उत्पादन केले, या प्रश्नांपाशी आपली जिज्ञासा थांबते. ते यंत्र पुढे चाळीस-पन्नास वर्षे कोणी चालू ठेवले, त्याची झीज कोणी ओळखली, त्याचे भाग कोणत्या हातांनी बदलले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. ब्रिटिश इतिहासकार डेव्हिड एजर्टन यांनी २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'द शॉक ऑफ द ओल्ड' या ग्रंथात, तंत्रज्ञानाकडे शोधाच्या नव्हे तर वापराच्या बाजूने पाहिले पाहिजे आणि त्या वापरात देखभाल-दुरुस्तीला मध्यवर्ती स्थान दिले पाहिजे, अशी भूमिका मांडली. प्रस्तुत निबंधात ती दृष्टी स्वीकारून एका लहानशा कृतीचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. ती कृती म्हणजे जुन्या मोटारीच्या पुढील चाकांच्या वेटोळ्या स्प्रिंगा, ज्यांना गॅरेजात 'कॉइल स्प्रिंग' म्हणतात, काढणे आणि नव्या बसविणे.

विषय वरकरणी क्षुल्लक वाटेल. तथापि या एका कृतीत पदार्थविज्ञानातील एक मूलभूत नियम, विसाव्या शतकातील मोटार-अभियांत्रिकीचे एक महत्त्वाचे वळण, स्वतंत्र भारताचे औद्योगिक धोरण आणि मुंबईतील कारागिरांचे अलिखित ज्ञान हे चार धागे एकत्र येतात. त्यांतील चौथा धागा आज तुटण्याच्या बेतात आहे. म्हणूनच हा इतिहास आता नोंदविणे निकडीचे झाले आहे.

पाट्यांचे युग

चाक आणि बैठक यांच्यामध्ये लवचीक घटक ठेवावा, ही कल्पना मोटारीपेक्षा पुष्कळ जुनी आहे. इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने एकोणिसाव्या शतकाच्या अगदी प्रारंभी घोडागाड्यांसाठी लंबवर्तुळाकार पाट्यांच्या स्प्रिंगा प्रचारात आणल्या. पोलादाच्या वाकविलेल्या पट्ट्या एकावर एक रचून केलेला हा पाटा पुढे मोटारीनेही जसाच्या तसा स्वीकारला. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'ला पुढे एक व मागे एक असे दोन आडवे पाटे होते. फोर्ड कंपनीने आपल्या मोटारींना पुढच्या बाजूस असा आडवा पाटा बसविण्याची पद्धत १९४८ पर्यंत सोडली नाही.

पाट्याची ही दीर्घायुषी लोकप्रियता केवळ रूढीप्रियतेतून आलेली नव्हती. पाटा एकाच वेळी तीन कामे करतो. तो गाडीचा भार तोलतो. तो अक्षदांड्याला जागेवर धरून ठेवतो आणि चाक पुढे-मागे वा आडवे सरकू देत नाही. शिवाय पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे उसळीची ऊर्जा काही प्रमाणात विरून जाते, म्हणजे तो शॉक अब्सॉर्बरचेही काम थोडेफार करतो. दुरुस्तीच्या दृष्टीने पाहिले तर पाटा लोहाराच्या परिचयाचा होता. एखादी पट्टी तुटली तर तेवढीच बदलता येई आणि बसलेल्या पाट्याला पुन्हा कमान देता येई. बैलगाडीच्या चाकाला धाव चढविणाऱ्या कारागिराला पाटा परका वाटण्याचे कारण नव्हते.

वेटोळ्याचा विचार

वेटोळ्या स्प्रिंगमागचा सिद्धांत सतराव्या शतकातील आहे. रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७६ साली आपला नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात प्रसिद्ध केला आणि १६७८ साली त्याची उकल जाहीर केली. ताण जेवढा, तेवढे बल, हे त्या नियमाचे सार. स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट रेटा देते.

वेटोळी स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार प्रत्यक्षात वाकत नाही, तर पिळली जाते. त्यामुळे तिचा ताठपणा चार गोष्टींवर ठरतो : पोलादाचा पीळ सोसण्याचा गुण, तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेटोळ्यांची संख्या. तारेची जाडी दुप्पट केली तर ताठपणा सोळापट होतो. वेटोळ्याचा व्यास दुप्पट केला तर तो एक अष्टमांश उरतो. वेटोळ्यांची संख्या वाढविली तर त्याच प्रमाणात स्प्रिंग मऊ होते. ही प्रमाणे लक्षात ठेवावीत, कारण गॅरेजातील अनेक चुकीच्या उपायांचे मर्म त्यांतच दडलेले आहे.

मोटारीच्या पुढील चाकांना वेटोळी स्प्रिंग लावण्याचा एक ठळक आरंभ इटलीत झाला. १९२२ साली लोकांसमोर आलेल्या 'लान्चिया लॅम्ब्डा' या गाडीत दोन्ही पुढची चाके एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर-खाली होत आणि त्यांच्या उभ्या नळ्यांत वेटोळ्या स्प्रिंगा होत्या. १९३३ साली मर्सिडीझ-बेन्झने आपल्या '३८०' या गाडीला वर एक व खाली एक असे दोन आर्म आणि त्यांच्या जोडीला वेटोळी स्प्रिंग अशी रचना दिली. मात्र ही रचना सर्वसामान्यांच्या गाडीपर्यंत पोचविण्याचे श्रेय प्रामुख्याने अमेरिकेतील जनरल मोटर्सकडे जाते.

रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला मॉरिस ऑली हा ब्रिटिश अभियंता १९३० साली जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात दाखल झाला. त्याने एका मोठ्या गाडीला पुढे-मागे सरकविता येतील अशी वजने बसविली, स्प्रिंगा बदलत बदलत ती गाडी चालविली आणि प्रवाशाला सुखकर वाटणारी चाल नेमकी कशाने साधते याचा शोध घेतला. पुढच्या स्प्रिंगा मागच्यांपेक्षा मऊ असतील तर गाडी डुलत नाही, सपाट चालते, हा त्याच्या प्रयोगांचा महत्त्वाचा निष्कर्ष होता. तोपर्यंतची रीत नेमकी उलट होती. पुढचे पाटे आखूड आणि ताठ असत. ते नुसते मऊ करून भागणारे नव्हते. कारण सबंध अक्षदांडा मऊ पाट्यांवर टांगला की ब्रेक लावताना तो पिळवटे आणि वेगात चाके थरथरू लागत. म्हणून अक्षदांडाच काढून टाकून प्रत्येक चाक स्वतंत्र आर्मवर बसविणे भाग पडले. १९३४ सालच्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत ही स्वतंत्र पुढील रचना आली. कॅडिलॅक, ब्यूक व ओल्ड्समोबील यांना दोन आर्म व वेटोळी स्प्रिंग, तर शेवरोले व पॉन्टिॲक यांना फ्रान्सच्या आंद्रे द्युबोने याच्या पद्धतीची बंदिस्त स्प्रिंग देण्यात आली. दशक संपण्यापूर्वी या दोन गाड्यांनीही दुहेरी आर्मचीच रचना स्वीकारली.

श्रमविभागणीतील बदल

येथे एक गोष्ट विशेषत्वाने नमूद करावीशी वाटते. वेटोळी स्प्रिंग पाट्याच्या तीन कामांपैकी फक्त एकच काम करते : भार तोलणे. ती चाकाला जागेवर धरू शकत नाही आणि उसळीही विरवू शकत नाही. म्हणून चाक धरण्यासाठी आर्म व त्यांचे बुश, उसळी विरविण्यासाठी शॉक अब्सॉर्बर आणि वळणावर गाडी कलू नये यासाठी अँटी-रोल बार असा सारा परिवार तिच्याबरोबर आला. एका भागाची कामे अनेक भागांत वाटली गेली.

यंत्रातील या विभागणीने कारागिराचे कामही बदलले. वेटोळी स्प्रिंग तुकड्यातुकड्याने दुरुस्त करता येत नाही. ती बसली तर तापवून पुन्हा ताणण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो, कारण अनियंत्रित तापामुळे पोलादाला मुद्दाम दिलेले पाणी उतरते. ती बदलावीच लागते आणि दोन्ही बाजूंची उंची सारखी राहावी म्हणून जोडीने बदलावी लागते. अशा रीतीने भट्टी आणि ऐरण यांची जागा पाना, जॅक आणि मोजपट्टी यांनी घेतली. लोहाराचा वारसा फिटरकडे आला. त्याचबरोबर पाट्याच्या कामात याच रूपाने नसलेला एक धोकाही आला. तो म्हणजे दाबून बसविलेल्या स्प्रिंगेत साठलेली ऊर्जा.

मुंबईतील अध्याय

जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे मोटार-जुळणीचा कारखाना सुरू केला होता. पुढे वालचंद हिराचंद (१८८२-१९५३) यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ला येथील तिच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांची जुळणी झाली व त्यानंतर इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य झाले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर, जे देशात प्रत्यक्ष उत्पादन करणार नाहीत अशा केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना वाव उरला नाही. जनरल मोटर्सने १९५४ साली आपला भारतातील कारभार आवरला. मुंबईत त्यानंतर प्रीमियरची फियाटच प्रमुख गाडी ठरली.

'फियाट ११००/१०३' ही गाडी १९५३ साली जिनीव्हा येथील प्रदर्शनात मांडली गेली. दान्ते जाकोसा या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या या गाडीला १०८९ घन सेंटिमीटरचे इंजिन, स्वतंत्र सांगाडा नसलेली एकसंध बॉडी, पुढे दुहेरी आर्म व वेटोळ्या स्प्रिंगा आणि मागे पाटे होते. मागे पाटे ठेवण्यामागे हिशेब होता. मागचा भार प्रवासी व सामान यांनुसार फार बदलतो आणि मागच्या अक्षदांड्याला धरून ठेवण्याचे कामही पाटा स्वस्तात करतो. याच कुळातील '११०० डी' भारतात 'डिलाइट' या नावाने आली. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात तिचे नाव 'प्रीमियर प्रेसिडेंट' व नंतर 'प्रीमियर पद्मिनी' झाले. तिची प्रतिस्पर्धी हिंदुस्तान ॲम्बेसेडर हिच्या पुढच्या बाजूस पिळाचे दांडे, म्हणजे टॉर्शन बार होते. त्यामुळे भारतातील लोकप्रिय गाड्यांपैकी वेटोळ्या स्प्रिंगेची सर्वाधिक सवय मुंबईच्या मेस्त्रींनाच झाली, कारण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे प्रामुख्याने फियाट-पद्मिनीच होती.

टॅक्सी ही देखभालीची खरी पाठशाळा होती. खासगी गाडी दिवसातून तास-दोन तास चालते, तर टॅक्सी दोन पाळ्यांत चालते. पावसाळ्यातील खड्डे, टपावरचे सामान आणि अहोरात्र वापर यांमुळे तिच्या स्प्रिंगा लवकर बसत, बुश झिजत आणि पुढचे टायर एका कडेने खाल्ले जात. खासगी गाडीच्या वीस वर्षांत जी दुरुस्ती मेस्त्रीच्या वाट्याला एखाद्या वेळी यावी, ती टॅक्सीमुळे पुनःपुन्हा येई. ज्ञान साठले ते या पुनरावृत्तीतून.

कृतीचे स्वरूप

त्या पिढीतील दुहेरी आर्मच्या गाडीवर हे काम साधारणपणे पुढील क्रमाने होते. मागच्या चाकांना ठोकळे लावून गाडीचा पुढचा भाग उचलतात आणि तिचा भार जॅकवर न ठेवता बॉडीच्या भक्कम जागी लावलेल्या स्टँडवर घेतात. चाक काढल्यावर अँटी-रोल बारची जोडणी सोडवितात. शॉक अब्सॉर्बर स्प्रिंगेच्या पोकळीत असेल तर तोही काढतात. मग खालच्या आर्मच्या बाहेरच्या टोकाखाली जॅक लावून त्याला आधार देतात. स्प्रिंगेला कॉम्प्रेसर लावून ती आवळतात आणि सुरक्षिततेसाठी साखळीही अडकवितात. त्यानंतरच खालच्या आर्मची चाकाकडील जोडणी सोडवितात आणि जॅक अगदी सावकाश उतरवितात. आर्म खाली झुकतो, स्प्रिंग सैल होते आणि मोकळी निघते.

नवी स्प्रिंग बसविताना क्रम उलटा असतो, परंतु लक्ष अधिक लागते. स्प्रिंगेचे वरचे व खालचे टोक पुष्कळदा सारखे नसते. तारेचे शेवटचे टोक खालच्या बैठकीतील खाचेत नेमके टेकावे लागते. वरच्या बैठकीतील रबर फाटलेले असेल तर बदलावे लागते, अन्यथा धातूवर धातू घासून आवाज येतो व गंज चढतो. आर्मच्या बुशांचे बोल्ट गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी राहून स्प्रिंग आपल्या नित्याच्या उंचीवर बसली की मगच ते आवळायचे, नाहीतर रबरी बुश कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो. खाचेच्या नटला नवी कॉटर पिन घालतात. शेवटी चाकांचा कल व दिशा तपासून घ्यावी लागते, कारण गाडीची उंची बदलली की आर्मचे कोन बदलतात आणि त्यांबरोबर चाकांचेही.

या कृतीतील जोखीम आकड्यांत मांडता येते. गणिताच्या सोयीसाठी, एक मिलिमीटर दाबायला ५० न्यूटन बल लागते अशी स्प्रिंग घेऊ. ती १०० मिलिमीटर दाबली की ५,००० न्यूटन, म्हणजे सुमारे ५१० किलो वजनाइतका रेटा देते आणि तिच्यात २५० ज्यूल ऊर्जा साठते. सिमेंटचे अर्धे पोते एक मीटर उंचीवरून अंगावर पडावे, इतकी ही ऊर्जा आहे. आणि स्प्रिंग निसटली तर ती क्षणार्धात मोकळी होते. कॉम्प्रेसर हाताशी नसलेल्या ठिकाणी साखळी वा जाड तार बांधून हे काम उरकणे म्हणजे केवळ नशिबावर भिस्त ठेवणे होय. जॅक 'सावकाश' उतरविण्याच्या साध्या सूचनेत म्हणूनच जिवाचे मोल सामावलेले आहे.

काही रूढ उपायांचेही येथे परीक्षण करता येईल. गाडी खाली बसावी म्हणून स्प्रिंगेचे एखादे वेटोळे कापून टाकण्याची पद्धत आहे. आठ कार्यकारी वेटोळ्यांपैकी एक कापले तर उरलेली स्प्रिंग आठास सात या प्रमाणात, म्हणजे सुमारे १४ टक्के अधिक ताठ होते आणि कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही. याउलट बसलेली स्प्रिंग उचलण्यासाठी वेटोळ्यांमध्ये रबराचे ठोकळे घालतात. त्यामुळे काही वेटोळ्यांची हालचाल अडते, गाडी वर दिसते, पण चाल कठीण होते. दोन्ही उपाय वेटोळ्यांच्या संख्येशी खेळतात आणि त्या संख्येनेच मऊपणा ठरतो, हा नियम विसरतात.

ज्ञानाचा वारसा आणि कायद्याची चौकट

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील परिवहन कार्यालयात नोंदविली गेली होती. टॅक्सींसाठीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेनुसार ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून अधिकृतपणे निवृत्त झाली.

दरम्यान, २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत सुधारणा होऊन पन्नास वर्षांहून जुन्या, अव्यावसायिक दुचाकी व चारचाकी वाहनांना 'व्हिंटेज' म्हणून वेगळ्या नोंदणीची सोय झाली. वाहन मूळ स्वरूपात असावे आणि त्याच्या चासिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी त्यात अट आहे. १९७४ साली नोंदलेल्या पद्मिनीने २०२४ साली ही पन्नाशी गाठली. आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐतिहासिक वाहनांच्या 'फिवा' या महासंघाने २०१२ साली स्वीकारलेली ट्यूरिन सनदही जतन व पुनरुज्जीवन यांची तत्त्वे सांगते. फियाटची जन्मभूमी असलेल्या शहराचे नाव या सनदेला लाभावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

मात्र या चौकटीतून एक विसंगती पुढे येते. टॅक्सी वीस वर्षांनी मोडीत निघते, तर वारसा ठरण्यासाठी पन्नास वर्षे लागतात. त्यामुळे ज्या गाड्यांनी हे कौशल्य घडविले त्या गाड्या वारसा म्हणून उरणारच नाहीत. उरतील त्या मुख्यतः हौशी मालकांनी जपलेल्या खासगी गाड्या. त्यांना या कौशल्याची गरज लागेल, पण ते घडविणारी रोजची पुनरावृत्ती त्यांच्यापाशी नसेल. १९७० च्या दशकात पोरवयात गॅरेजात शिरलेले मेस्त्री आज साठीच्या पुढे आहेत. त्यांचे ज्ञान कानाला, तळहाताला आणि डोळ्याला ठाऊक आहे. जॅक किती उतरल्यावर स्प्रिंगेचा रेटा संपतो, आवाजावरून कोणता बुश गेला हे कसे ओळखावे, याची नोंद कंपनीच्या पुस्तिकेत असतेच असे नाही. कुर्ल्याच्या सी. एस. टी. रस्त्यावर किंवा चोर बाजारात जुना भाग एखाद्या वेळी मिळेलही. तो बसविणारा हात तेथे विकत मिळत नाही.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, पाट्याकडून वेटोळ्याकडे झालेले स्थित्यंतर हे केवळ सुखकर प्रवासाचे नव्हते; त्याने यंत्रातील कामांची व कारागिरांतील श्रमांची नवी विभागणी घडविली. दुसरा असा की, मुंबईतील वेटोळ्या स्प्रिंगेचे ज्ञान औद्योगिक धोरण व टॅक्सी-व्यवसाय यांच्या संयोगातून निर्माण झाले, त्यामुळे ती परिस्थिती सरताच ते आपोआप टिकून राहील असे मानता येत नाही. तिसरा असा की, वस्तू जपल्याने कौशल्य जपले जात नाही. संग्रहालयात उभी असलेली गाडी तिची स्प्रिंग कशी बदलावी हे सांगत नाही.

या संदर्भात महाविद्यालयांना करण्याजोगे काम मोठे आहे. इतिहास विभागांनी मौखिक इतिहासाच्या पद्धतीने मेस्त्रींच्या मुलाखती नोंदवाव्यात. पदार्थविज्ञान व अभियांत्रिकीच्या अध्यापकांनी त्या कृतींमागील तत्त्वे तपासून योग्य व अयोग्य रीतींचा निवाडा द्यावा. भाषा विभागांनी गॅरेजातील शब्दसंपदा संकलित करावी. असे काम झाले तर विद्यार्थ्याला हुकचा नियम फळ्यावरच्या समीकरणात भेटेल, तसाच तो तेलकट हातांच्या कामातही भेटेल; आणि ज्या हातांनी मुंबईची चाके अर्धशतक फिरती ठेवली, त्यांना आपल्या लिखित इतिहासात न्याय्य जागा मिळेल.